राखणदाराची विडी आणि माझा डावा पाय

पुरुषाचा पाय हा कमाईचा अवयव असतो आणि मुलीचा पाय हा लग्नाचा, हा शरीररचनेतला भेद मला पदवीपर्यंतच्या एकाही पुस्तकात आढळला नव्हता. तो मला रत्नागिरीच्या एका वकिलांनी सांगितला, तोही माझ्या भरपाईचा अर्ज लिहिता लिहिता, टाक दौतीत बुडवण्याइतक्या सहजपणे.

"मुलगा असता तर सोपे होते," ते बाबांना म्हणाले. "किती कमावतो, किती वर्षे कमावणार, पाय मोडल्यामुळे त्यातले किती बुडाले, एवढा गुणाकार केला की झाले. मुलीचे तसे नाही. मुलगी कमावत नाही."

"कमावणार आहे," मी म्हणाले.

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. भिंतीवरचे बंद घड्याळ अचानक वाजले की माणूस जसे पाहतो, तसे ते पाहणे होते. मग ते पुन्हा बाबांकडे वळले. "तेव्हा आपण लग्नाचे नुकसान धरू. लंगडत्या मुलीचे लग्न होणे अवघड. न्यायालयाला हे चटकन पटते."

तिथवर मी कशी पोचले ते सांगायला हवे. अपघात झाला त्या मे महिन्यात मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.ची परीक्षा दिली होती आणि मिठबावला घरी येऊन निकालाची वाट पाहत होते. वाट पाहणे हा केवळ उपचार होता. पुढे मुंबईला एम.एस्सी. करायचे आणि मग एखाद्या प्रयोगशाळेत काम मिळवायचे, हे मी ठरवून टाकले होते. बाबांना ते मान्य होते. आईला सांगण्याचे काम त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतले होते आणि तितक्याच आपणहून ते विसरले होते.

आमच्या कलमांच्या बागेला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आहे आणि त्या गडग्याला लागून तांबडा रस्ता जातो. हा रस्ता वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, उताराने खाली येतो, आमच्या गडग्यापाशी वळतो आणि पुढे देवगडला जातो. उताराच्या माथ्यावर एका जुन्या झाडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. गावची वेस राखणारा हा देव विडी ओढतो, याबद्दल गावात दुमत नाही. म्हणून तिथून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर गाडी थांबवतो, खाली उतरतो, एक विडी पेटवून पाषाणापुढे ठेवतो आणि मगच उताराला लागतो. शेजारीच चहाविडीचे दुकान आहे. दुकान देवामुळे चालते की देव दुकानामुळे, यावर मी शाळेत असल्यापासून विचार करत आले आहे. निष्कर्ष अजून निघालेला नाही.

त्या दिवशी मी गडग्याच्या सावलीत उभी राहून पुस्तक वाचत होते. वरून आंब्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक उतरला आणि वळणावर वळला नाही. मी बाजूला उडी मारली, त्यामुळे ट्रक माझ्या अंगावर आला नाही. तो गडग्यावर गेला आणि गडगा माझ्या अंगावर आला. डाव्या पायावर चिरे कोसळले. पेट्या फुटून हापूस रस्ताभर घरंगळले. माझ्या मदतीला धावलेल्यांपैकी काहीजण वाटेत आंब्यांच्या मदतीला थांबले. मला त्याचा राग आला नाही. मी ओरडत होते, आंबे गप्प होते, आणि कोणाला तातडीची गरज आहे हे ठरवण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

नडगीचे हाड मोडले होते. कोल्हापूरच्या इस्पितळात आधी प्लॅस्टर झाले, मग ते हाड चुकीचे जुळल्याचे दिसले म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया झाली. बाबांनी माझ्या मुंबईच्या राहण्याजेवणासाठी बाजूला ठेवलेले सारे त्यात गेले. पहिल्या वर्गात आल्याचे मला खाटेवर कळले, आणि एम.एस्सी.चे प्रवेश कधी सुरू होऊन कधी संपले तेही. पाय अखेर सरळ झाला, पण उजव्याहून किंचित आखूड राहिला.

घरी परतल्यावर आई म्हणाली, "झाला ता झाला. आता लगीन बघूया."

बाबा पडवीत पेट्यांची फळकुटे ठोकत बसले होते. हातातली हातोडी खाली ठेवून ते म्हणाले, "त्या ट्रकाचो विमो आसा म्हणतत. कोर्टात गेल्यार भरपाई गावता. गावली तर ह्या मुंबयक जातला. नाय गावली तर तू सांगतलंस ता." मग माझ्याकडे वळून, "चलात?"

मला चालणार होते, कारण दुसरा मार्ग नव्हता. आईलाही चालले. कोर्टातून कोणाला काही मिळाल्याचे तिच्या ऐकिवात नव्हते.

अशा रीतीने मी पदार्थविज्ञान शिकावे की भाकऱ्या भाजाव्यात, हा प्रश्न जिल्हा न्यायाधीशांकडे निर्णयासाठी गेला. त्यांना अर्थातच याची कल्पना नव्हती.

वकिलांशी पहिल्या भेटीतच मी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. उताराचा कोन, माथ्यापासून वळणापर्यंतचे अंतर, चिरे किती लांब उडाले त्यावरून काढलेला ट्रकचा वेग, सगळे आकृतीसह मांडले होते. वळणावर ट्रक किती जोरात असला पाहिजे, ते त्यातून स्वच्छ दिसत होते. वकिलांनी कागद सुलटा पाहिला, मग उलटा पाहिला.

"हिचे अक्षर सुरेख आहे," ते बाबांना म्हणाले. "पण कागदाला शपथ घेता येत नाही. समोरचे वकील विचारतील, वेग पाहिला कोणी? ही सांगणार, मी मोजला. ते विचारणार, पाय मोडून पडलेली असताना?"

"अंतरे बाबांनी मोजली. गणित नंतर केले."

"म्हणजे अपघात झाल्यावर वेग ठरवला," वकील म्हणाले, आणि कागद घडी घालून अर्जाच्या मागे टाचून ठेवला. "हिला म्हणावे, एवढे कष्ट घेऊ नकोस. त्यापेक्षा स्थळे पाहायला लागा."

बाबांना वाटले आपण चुकीचे ऐकले. "केस चालू आसताना?"

"केस चालू आहे म्हणूनच. लग्न होत नाही हे सिद्ध करायला नकार लागतात. स्थळे येऊ द्यात, मुलगी दाखवा, नकार घ्या. शक्यतो लेखी घ्या. आणि एक लक्षात ठेवा, लंगडणे सगळीकडे सारखे हवे. इथे एक आणि घरी एक, असे नको."

मी त्यांना सांगितले की माझे लंगडणे दिवसभर सारखे नसते. सकाळी ते जवळपास नसते, पाय थकला की संध्याकाळी दिसते.

वकिलांनी प्रथमच माझ्याशी थेट संवाद केला. "सुनावणी सकाळी असते," ते म्हणाले.

ही योजना घरी सांगितल्यावर आई चुलीपुढून उठून पडवीत आली. मग म्हणाली, "म्हणजे चेडू दाखवचा ता कित्याक? तेंनी नको म्हणूचा म्हणान?"

"नापास होवक परीक्षा," बाबा म्हणाले. "आमच्या हेका पयल्यांदाच जमतली."

पहिलेच स्थळ देवगडचे आले. आंब्याचा व्यापार, बंदराजवळ वखार, मुलगा मॅट्रिक. पाहुणे संध्याकाळी आले, त्यामुळे मला अभिनय करावा लागला नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा मुलगा कपाकडे पाहत होता आणि मुलाचे वडील माझ्या पायाकडे. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. बाबांना मात्र पुष्कळ विचारले.

"गाडी विम्याची होती मां?"

"होती."

"वकील रत्नागिरीचो?"

"होय."

"बरो आसा?"

"बरो म्हणतत."

"निकाल कदी लागतलो?"

"ता वकिलाक इचारूक व्हया."

मुलाच्या वडिलांनी कप बशीत ठेवला. "आमका चेडू पसंत आसा," ते म्हणाले. "लगीन निकाल लागल्यार करूया. घाय नाय."

पाहुणे गेल्यावर आई देवापुढे दिवा लावून आली आणि तिला हसावे की काय करावे ते सुचेना. नकारासाठी केलेल्या पोह्यांवर होकार आला होता. बाबांनी उरलेले पोहे पुढे ओढले.

त्या रात्री मी परिस्थितीचा शांतपणे विचार केला. मी भरपाई मागत होते, कारण माझे लग्न होणार नव्हते. माझे लग्न होणार होते, कारण मला भरपाई मिळणार होती. भरपाई मिळाली तर लग्न होते, म्हणजे नुकसान नाही. नुकसान नाही तर भरपाई नाही. भरपाई नाही तर लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणजे पुन्हा नुकसान. शाळेतल्या विजेच्या घंटीची हातोडी नेमकी अशीच चालते. प्रवाह सुरू झाला की ती ओढली जाते, ओढली गेली की प्रवाह तुटतो, तुटला की ती परत येते आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो. घंटीतून निदान मधली सुट्टी तरी होते.

वकिलांना मी हे समजावून सांगितले. घंटीपर्यंत त्यांनी ऐकले नाही. "होकार आला?" ते दुखावलेल्या स्वरात म्हणाले. "तुम्ही तो येऊ कसा दिलात?" मग थोडा वेळ पेन्सिल दातांवर वाजवून, "तोंडी आहे ना? मग आलाच नाही असे समजा."

दरम्यान विमा कंपनीच्या वकिलांची लेखी कैफियत आली. ते जिल्ह्यातले नावाजलेले वकील होते आणि त्यांची मांडणी मला, तर्कापुरती, आवडली. त्यांचे म्हणणे असे होते की ट्रकाचा आणि अर्जदाराच्या पायाचा कोणत्याही क्षणी स्पर्श झालेला नाही. इजा गडग्याच्या चिऱ्यांमुळे झाली. गडगा अर्जदाराच्या वडिलांच्या मालकीचा आहे आणि तो पुरेसा मजबूत बांधलेला नसावा. सबब अर्जदाराने भरपाई मागायचीच तर ती आपल्या वडिलांकडे मागावी. शिवाय अर्जदार सार्वजनिक रस्त्यालगत उभी राहून वाचन करत होती, म्हणजेच बेसावध होती.

बाबांनी ते माझ्याकडून वाचून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे ह्या चेडवान माझ्यार केस घालूची, मिया हरूचा, आणि मगे हेका पैसे देवचे. ता तर मी हेच्या जल्मापासून करतंय. तेका कोर्ट कित्याक व्हया?"

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघे रत्नागिरीला गेलो. मी, बाबा, आणि माथ्यावरच्या चहाविडीच्या दुकानाचे मालक. अपघात प्रत्यक्ष पाहिलेले आमच्या बाजूचे तेवढे एकच साक्षीदार होते. बाकी गाव नंतर आले होते. दुकानमालकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मोटारीत ते बाबांना सारखे सांगत होते, "तू काय भियां नको. मी खरा ता सांगतलंय." ते ऐकून मला उगीचच धास्ती वाटू लागली.

प्रथम मी पिंजऱ्यात उभी राहिले. समोरच्या वकिलांनी विचारले, "अपघाताच्या वेळी आपण काय करत होतात?"

"वाचत होते."

"रस्त्यावर?"

"रस्त्याकडेला. सावली तिथे होती."

"वाचताना माणूस विचारात गढून जातो, हे खरे ना?"

"पुस्तकावर अवलंबून आहे."

न्यायाधीशांनी वर पाहिले आणि पुन्हा लिहू लागले. वकिलांनी दिशा बदलली. "अपघातानंतर आपल्याला स्थळ आले होते?"

"आले."

"त्यांनी नकार दिला?"

"होकार दिला."

आमच्या वकिलांनी डोळे मिटले. खोटे बोलायला मी तयारच नव्हते असे नाही. पण देवगड काही लांब नाही, आणि समोरच्या वकिलांच्या चेहऱ्यावरून दिसत होते की त्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे.

"म्हणजे लग्नाचे नुकसान नाही. मग आपले नुकसान तरी कोणते?"

"माझे एम.एस्सी.चे शिक्षण थांबले ते."

"मुलीच्या जातीला एम.एस्सी. नाही झाले तर काय बिघडते?"

"माझा पाय मोडला त्यानेही तुमचे काही बिघडले नाही," मी म्हणाले. "ज्याच्याकडे जे असते त्याचेच नुकसान होते. माझ्याकडे हे होते."

न्यायाधीश म्हणाले, "सावकाश सांगा. मला लिहायचे आहे." मी ते पुन्हा, सावकाश सांगितले. दुसऱ्यांदा ते तितकेसे बाणेदार वाटले नाही, पण कागदावर उतरले.

मग दुकानमालक उभे राहिले. आमच्या वकिलांनी त्यांना विचारले, "ट्रक वेगात होता का?"

"वेगाचा माका ठावक नाय. पण तो थांबाक नाय."

"कुठे?"

"राखणदाराकडे. थांबाक नाय, खाली उतराक नाय, विडी ठेवक नाय. सरळ गेलो. मी तेवाच म्हटलंय, आता हेचा काय खरा नाय."

आमचे वकील घाईघाईने खाली बसले. समोरचे तितक्याच घाईने उठले. त्यांच्या आवाजात आता मध होता.

"मामा, मग हा अपघात केला कोणी? ड्रायव्हरने की राखणदाराने?"

"राखणदारान."

"नक्की?"

"मी थंय चाळीस वर्सां दुकान चलवतंय."

"म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही?"

"दोष आसा. तेना विडी ठेवक नाय."

"आणि विडी ड्रायव्हरने ठेवली नाही म्हणून राखणदाराने पाय या मुलीचा मोडला?"

दुकानमालकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना वाईट वाटत होते, हे दिसत होते. "ता मदी इला," ते म्हणाले.

न्यायालयात बारीकसे हसू पसरले. बाबा जमिनीकडे पाहत होते. मी मात्र हसले नाही, कारण माझ्या मनात एक साधे समीकरण उभे राहिले होते आणि ते मला इतके दिवस का दिसले नाही, याचेच मला नवल वाटत होते. माझ्या कागदावर सारे होते. उतार होता, अंतर होते, शेवटचा वेग होता. वर माथ्यावर ट्रकचा वेग किती होता, तेवढी एक जागा मी अंदाजाने भरली होती. आणि इथे एक मनुष्य शपथेवर सांगत होता की प्रत्येक गाडी त्या पाषाणापुढे थांबते. थांबलेल्या गाडीचा वेग शून्य असतो. तो शून्य कोणत्या देवासाठी आहे, याच्याशी गणिताला कर्तव्य नसते.

ड्रायव्हर साक्षीला उभा राहिला. चांगला मध्यमवयीन, केस विंचरलेला, वकिलांनी नीट पढवलेला माणूस होता. ईश्वराला स्मरून शपथ घेऊन त्याने सांगितले की गाडी बैलगाडीच्या चालीने उतरत होती, त्याने हॉर्न दिला होता, ब्रेकही लावला होता, पण रस्ताच खराब होता. बोलताना तो एकदाही अडखळला नाही.

मी पुढे वाकून आमच्या वकिलांना म्हणाले, "त्या दिवशी तो राखणदारापुढे थांबला होता का, एवढेच विचारा."

"पुन्हा ते?" ते कुजबुजले. "अहो, न्यायालयात देव शपथेपुरता असतो. त्याला जास्त वेळ उभे करायचे नसते."

"तो थांबला असेल तर वळणावर एवढा वेग येणे शक्य नाही. आला, म्हणजे तो थांबला नाही. आणि का थांबला नाही तेही विचारा."

"तो सरळ सांगेल, थांबलो होतो. मग?"

"नाही सांगणार."

वकिलांनी सुस्कारा टाकला. विचारण्यासारखे त्यांच्याकडे दुसरे काहीच उरले नव्हते, म्हणूनच ते उठले असे मला अजूनही वाटते.

"माथ्यावर राखणदाराचा पाषाण आहे, माहीत आहे?"

"होय साहेबानू."

"तिथे तुम्ही गाडी थांबवता?"

"रोज."

"त्या दिवशी थांबवली होती?"

ड्रायव्हरने आपल्या वकिलांकडे पाहिले. त्यांनी त्याला वेग, हॉर्न, ब्रेक, रस्ता यांवर घासूनपुसून तयार केले होते. विडीबद्दल त्यांना स्वतःलाच काही सुचवता येईना. मग त्याने मागे बाकावर बसलेल्या दुकानमालकांकडे पाहिले. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या."

ज्या ईश्वराला स्मरून त्याने शपथ घेतली होती, त्याचा पत्ता त्याला बहुधा ठाऊक नव्हता. राखणदाराचा ठाऊक होता, आणि उद्या सकाळी त्याच्यापुढून गाडी न्यायची होती.

"नाय साहेबानू," तो म्हणाला. "त्या दिसा थांबाक नाय."

"का?"

"उशीर झाल्लो. देवगडाक बोट सुटाची होती. पेटये बोटीर घालूक व्हये होते."

समोरचे वकील उभे राहिले. "साहेब, पाषाणापुढे न थांबणे हा मोटार कायद्याखाली गुन्हा नाही."

"नाही," न्यायाधीश म्हणाले. "पण का थांबले नाहीत ते यांनी सांगितले आहे आणि मी ते लिहिले आहे."

आमच्या वकिलांनी अर्जामागचा माझा कागद सोडवला, उलगडला, या खेपेला सुलटाच धरला, आणि माथ्यावर थांबलेली गाडी वळणापर्यंत किती वेग घेते व न थांबलेली किती, हे अशा आत्मविश्वासाने मांडले की लहानपणापासून ते हेच करत आले असावेत. एका ठिकाणी त्यांनी कोन म्हणायच्या जागी अंतर म्हटले. मी दुरुस्ती केली नाही. निष्कर्ष बरोबर येत होता.

निकाल पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी लागला. ड्रायव्हर घाईत होता आणि त्याने बेदरकारपणे गाडी चालवली, हे न्यायालयाने मान्य केले. गडगा बाबांच्या मालकीचा असला तरी तो आपणहून कोणाच्या अंगावर गेला नव्हता, हेही मान्य केले. लग्नाचे नुकसान साफ नाकारले, कारण होकार आलेला होता. औषधोपचार, वेदना आणि शिक्षणात पडलेला खंड, एवढ्याची भरपाई मिळाली. रक्कम बेताची होती. मुंबईच्या एखाद्या वसतिगृहात राहून एम.एस्सी. पुरी करता येईल, इतकीच.

"लग्नाचे मिळाले असते तर बरेच झाले असते," वकील मला म्हणाले. आता ते माझ्याशी बोलू लागले होते. "तुम्ही जरा कमी खरे बोलायला हवे होते."

देवगडचे पाहुणे त्याच आठवड्यात आले. या वेळी मुलगा आला नव्हता. त्याच्या वडिलांनी आकडा विचारला, बाबांनी सांगितला, त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "चेडू हुशार आसा, तेचा कायच नाय. पण आमच्या झिलाक एवढी शिकलेली नको."

आईने ते माजघरातून ऐकले. पाहुण्यांना तिने दाराबाहेर पडू दिले. मग माझी ट्रंक माळ्यावरून खाली काढून धूळ झटकताना म्हणाली, "मेल्यांका मोडलेलो पाय चललो, आणि धडधाकट डोक्याचा भारी झाला." त्यानंतर लग्नाचा विषय तिने त्या वर्षापुरता काढला नाही, आणि ट्रंकेत कोकमाच्या सोलांची पुरचुंडी, कुळथाचे पीठ आणि सुकटीचा डबा अशा क्रमाने भरला की पुस्तकांना तळाशी जावे लागले.

पावसाळ्यापूर्वीची मुंबईची शेवटची बोट मे अखेर देवगडहून सुटायची होती. बाबांच्या उरलेल्या पेट्याही त्याच बोटीने जायच्या होत्या. त्यांनी ट्रक सांगितला आणि कोणाचा सांगितला ते मला आदल्या संध्याकाळी कळले.

"हेच्या गाडीतसून मी जावचा?" मी विचारले.

"बाकीचे थांबतत की नाय, माका ठावक नाय," बाबा म्हणाले. "ह्यो थांबतलो."

पुराव्याच्या दृष्टीने ते बरोबर होते.

ट्रक माथ्यावर येऊन थांबणार होता, म्हणून आम्ही सकाळी चढण चढून वर गेलो. पेट्या गड्यांनी आधीच नेऊन ठेवल्या होत्या. सकाळ असूनही पाय चढणीला लंगडला. ट्रक आला, झाडाखाली थांबला. ड्रायव्हर उतरला. त्याने मला पाहिले, पण ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. आमची ओळख न्यायालयातली होती. पेट्या चढल्या. दुकानमालकांनी न मागता विडीचे बंडल पुढे केले. ड्रायव्हरने त्यातून दोन काढल्या, दोन्ही पेटवल्या आणि पाषाणापुढे शेजारी शेजारी ठेवल्या.

"दोन कित्याक रे?" बाबांनी विचारले.

"मागची एक रवली होती," तो पाषाणाकडेच पाहत म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी ट्रंक वर देण्यात गुंतले होते.

आम्ही पुढे बसलो. मधे बाबा, कडेला मी. गाडी सुरू झाली आणि उताराला लागली. आमचा गडगा बाबांनी नव्याने बांधून रस्त्यापासून हातभर मागे घेतला होता, न जाणो पुन्हा कोणी त्यांच्यावर केस घालायची. वळण जवळ आले तेव्हा मी खिडकीची कड धरली. ड्रायव्हरने गाडी आणखी हळू केली, इतकी की गडग्यावरच्या एकेका चिऱ्यातली भोके दिसावीत, आणि हॉर्नही दिला. पुढे रस्त्यावर कोणी नव्हते.

"बोट चुकात," बाबा म्हणाले.

"चुको दे," ड्रायव्हर म्हणाला.

बोट चुकली नाही.